अळ्यांचा माग काढणारा मास्तर

पावसाळा सरत आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक तक्रार घेऊन माणसे येऊ लागतात. सकाळी उठून आरशात पाहावे तर मानेवर, गालावर किंवा दंडावर चाबकाचा फटका बसावा तशी लाल रेघ. दुसऱ्या दिवशी तिच्यावर बारीक फोड आणि जीव नकोसा करणारी आग. कोणी सांगते कातीण मुतली, कोणी सांगते नागीण निघाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशा एका तरुणाला नागीण ठरवून गोळ्या लिहून दिल्या होत्या. दोन दिवसांनी त्याच्याच खोलीत झोपणारे दोघे सोबती तशाच रेघा घेऊन माझ्यापुढे उभे राहिले, तेव्हा माझी चूक मला कळली. नागीण एका खोलीतल्या तिघांना एकदम गाठत नाही. तो उद्योग दिव्याभोवती जमणाऱ्या पिडेरस नावाच्या, मोठ्या मुंगीएवढ्या नारिंगी-काळ्या भुंगेऱ्याचा होता. हा भुंगेरा चावत नाही की मुतत नाही. झोपेत हाताखाली चिरडला गेला की त्याच्या अंगातले पिडेरिन हे विष कातडीवर पसरते, एवढेच.

एका क्षणाचे रूप पाहून मी नाव देऊन मोकळा झालो होतो. कीटकांच्या जगात ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. भुंगेऱ्याची अळी आणि भुंगेरा यांच्यात दिसण्यापुरते काहीच साम्य नसते. काही अळ्या तर एका आयुष्यात इतक्या वेळा रूप बदलतात की त्यांची ओळख पटवायची तर तिथे बसून राहणे, हाच एक उपाय उरतो. असा बसून राहणारा एक शाळामास्तर एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला. त्यांचे नाव झाँ-आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधील सेंत-लेओं या खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी की खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून लहानपणीची काही वर्षे त्यांना आजी-आजोबांच्या डोंगराळ शेतावर ठेवले गेले. वडिलांनी गाव सोडून शहरात खानावळीसारखे व्यवसाय करून पाहिले. एकही चालला नाही, आणि कुटुंब एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहिले. शिक्षण मध्येच तुटले आणि मुलाला मिळेल ते काम करून पोट भरावे लागले. पुढे आविन्योंच्या शिक्षक विद्यालयाची शिष्यवृत्ती परीक्षा देऊन ते तिथे दाखल झाले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कार्पांत्रा गावात प्राथमिक शिक्षक झाले. पगार वर्षाला 700 फ्रँक. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे सगळे विषय त्यांनी नोकरी सांभाळून, बहुतेक स्वतःच्या बळावर शिकून पदव्या मिळवल्या.

1849 मध्ये त्यांची बदली कॉर्सिका बेटावर झाली. तिथे भेटलेल्या मोकँ-तांदाँ या निसर्गशास्त्रज्ञाने त्यांना शिवणाच्या डब्यातल्या सुया आणि कात्री घेऊन गोगलगायीचे विच्छेदन करून दाखवले. महागड्या उपकरणांवाचूनही शरीररचना पाहता येते, हा धडा फाब्र आयुष्यभर विसरले नाहीत. 1853 मध्ये ते आविन्योंच्या शाळेत परतले आणि पुढे जवळजवळ अठरा वर्षे तिथेच राहिले.

तिथे एका हिवाळी रात्री लेओं द्युफूर या वैद्यकाने लिहिलेला एक निबंध त्यांच्या हाती पडला. विषय होता सेर्सेरिस या शिकारी गांधीलमाशीचा. ही माशी चमकदार भुंगेरे पकडून आपल्या बिळात पिल्लांसाठी साठवते, आणि ते भुंगेरे कित्येक दिवस ताजे राहतात. माशी त्यांना मारून कसलेतरी टिकाऊ औषध टोचत असावी, असा द्युफूर यांचा कयास होता. फाब्र यांनी प्रत्यक्ष माश्यांवर पाळत ठेवली आणि दाखवून दिले की ते भुंगेरे मेलेले नसतातच. माशी नेमक्या मज्जाकेंद्रावर डंख मारून त्यांना पांगळे करते. म्हणजे मांस टिकते ते जिवंत असते म्हणून. भूल आणि अर्धांगवायू यांचे शास्त्र शिकलेल्या कोणालाही हा शोध आजही चकित करतो. 1856 मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने या कामाबद्दल त्यांना प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचे पारितोषिक दिले.

लगेच पुढच्या वर्षी त्यांनी जे प्रसिद्ध केले, ते अळी ओळखण्याच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे.

रानमाश्यांच्या अंगावरच्या लवेत कधीकधी एक मिलिमीटरएवढे, सहा पायांचे, चपळ जीव चिकटलेले आढळत. थोर वर्गीकरणकार लिनियस यांनी त्यांना मधमाशीच्या उवा मानले. खुद्द द्युफूर यांनी 1828 मध्ये त्यांना स्वतंत्र कीटक समजून वेगळे नाव दिले. दिसायला ते उवांसारखेच, चिकटून राहणे उवांसारखेच, मग दुसरे काय असणार? पण काही अभ्यासकांना शंका येऊ लागली होती की ही फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातील पिल्ले असावीत. मात्र अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास कोणी जोडून दाखवला नव्हता.

फाब्र यांनी या कुळातला सिटारिस हा भुंगेरा निवडला. कार्पांत्राजवळच्या मातीच्या उभ्या कड्यांमध्ये अँथोफोरा जातीच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या बिळे करत. बिळाच्या टोकाला कप्पा, कप्प्यात मध, मधावर तरंगणारे एक अंडे, आणि वरून झाकण. सिटारिसची मादी उन्हाळ्याच्या शेवटी या बिळांच्या तोंडाशी सुमारे दोन हजार अंडी घालते आणि मरते. शरद ऋतूत त्यांतून काळ्या, कणखर पायांच्या चिमुकल्या अळ्या निघतात. मध हाताच्या अंतरावर आहे, तेव्हा त्या आत शिरतील असे कोणालाही वाटेल. पण त्या जागच्या हलत नाहीत. अंड्यांच्या फोलपटात एकमेकींना बिलगून त्या सारा हिवाळा काढतात, सात महिने, अन्नाच्या कणाशिवाय.

फाब्र यांनी त्यांना मध देऊन पाहिला, तर त्या त्यात बुडून मेल्या. माशीच्या अळ्या आणि कोश दिले, तर त्यांना तोंडही लावले नाही. प्रयोग फसत गेले आणि हंगाम निघून गेला. शिकवणीचे तास, घरची मुले आणि अपुरा पगार सांभाळून पुन्हा वर्षभर वाट पाहायची, याला काय लागते ते सरकारी नोकरीत संशोधन करू पाहणाऱ्याला विचारावे. पुढच्या वसंतात ते कड्यापाशी गेले, घोंघावणाऱ्या माश्यांच्या थव्यात उभे राहून माती खोदू लागले आणि कप्पे उघडू लागले. तिथे कोडे सुटले.

घडते ते असे. वसंतात आधी नर माश्या बाहेर पडतात. बिळाच्या तोंडाशी टपलेल्या अळ्या त्यांच्या लवेला धरतात. मीलनाच्या वेळी त्या नरावरून मादीवर जातात. मादी मधावर अंडे घालते त्या नेमक्या क्षणी एक अळी निसटून अंड्यावर उतरते, आणि मादी नकळत तिच्यासकट कप्पा बंद करते. आता ही अळी मधाच्या तळ्यात अंड्याच्या तराफ्यावर बसलेली असते. मध तिच्यासाठी अजून मृत्यूच आहे. ती अंडे फोडून आठवडाभर तेवढेच खाते. मग कात टाकते, आणि आतून निघते ती वेगळीच अळी: पांढरी, आंधळी, जाड पोटाची, पाय नावापुरते. ही मधावर तरंगते आणि तो पिते. मध संपला की ती आक्रसून कोशासारखी कडक होते, पण हा खरा कोश नव्हे. त्यातून पुन्हा अळी, मग खरा कोश, आणि शेवटी भुंगेरा.

अंडे, अळी, कोश, प्रौढ हा आपल्याला शाळेत शिकवलेला क्रम इथे अपुरा पडतो. या जादा रूपांतरांना फाब्र यांनी अतिरूपांतरण अशा अर्थाचे नाव दिले आणि ते शास्त्रात कायम झाले. ज्याला ऊ म्हटले जात होते ती या भुंगेऱ्याची पहिली अवस्था ठरली. तिचे रूप उवेसारखे का, हेही उलगडले. तिचे एकच काम असते, माशीला चिकटणे. त्या कामाला लागणारे पाय आणि नख्या तिला मिळाल्या. काम संपताच ते गेले.

या कुळातले भुंगेरे आपल्या शेतकऱ्यांना परके नाहीत. बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे हे त्यांचेच भाऊबंद. धक्का लागला की त्यांच्या सांध्यांतून पिवळसर रस पाझरतो. त्यातल्या कॅन्थरिडिनमुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचे एकमेकींना धरून ठेवणारे दुवे सुटतात आणि पाण्याने भरलेला फोड येतो. पूर्वीचे वैद्यक याच भुंगेऱ्यांची पूड लावून मुद्दाम फोड आणत असे, आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही चामखिळीवर हे द्रव्य जपून वापरतात. पोटात गेले तर मात्र ते मूत्रपिंड आणि मूत्रमार्ग जाळते. कामोत्तेजक म्हणून ते खाऊन माणसे दगावली आहेत. या कुळातील अनेक जातींत नर मीलनाच्या वेळी हे विष मादीला देतो आणि मादी ते अंड्यांना देते. एरवी असहाय दिसणाऱ्या अंड्यांना आईबापांकडून मिळालेले हे संरक्षण असते. आमच्या पिडेरसमध्येही तसेच. त्याचे पिडेरिन तर भुंगेरा स्वतः बनवतही नाही, मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात. ते अंड्यांतून अळ्यांत उतरते, आणि शिकारी कोळी अशा अळ्यांना पकडून सोडून देतात.

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या ग्रंथात फाब्र यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव केला. कीर्ती अशी दूरवर पोचत होती, घरात मात्र ओढाताणच होती. 1865 मध्ये लुई पाश्चर रेशीमकिड्यांच्या साथीवर उपाय शोधायला त्या भागात आले, तेव्हा फाब्र यांना भेटले. पाश्चर यांनी तोवर रेशमाचा कोश हातात धरलेला नव्हता. त्यांनी तो कानाशी हलवला आणि आत काही आहे हे ऐकून त्यांना नवल वाटले. मग त्यांनी फाब्र यांच्याकडे द्राक्षमद्याचे तळघर पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मास्तरांकडे दाखवण्यासारखा होता तो मोडक्या खुर्चीवर ठेवलेला एक बुधला. फाब्र यांना या भेटीतले दारिद्र्य सलले, पण त्यांनी तिच्यातून एक शिकवणही घेतली. कोश म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाने पुढे ती साथ आटोक्यात आणली. पूर्वग्रह नसलेले अज्ञान उपयोगी पडते, असे मानून तेही प्रत्येक किड्याकडे नव्याने पाहू लागले.

मिळकत वाढावी म्हणून त्यांनी मंजिष्ठेच्या कुळातील झाडाच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची पद्धत वर्षानुवर्षे खपून बसवली. ती हाती येते न येते तोच जर्मनीत तोच रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि सारे कष्ट वाया गेले. त्याच सुमारास ते आविन्योंत संध्याकाळी मोफत विज्ञानवर्ग घेत. तिथे मुलीही येत. फुलांत फलधारणा कशी होते हे त्यांनी मुलींसमोर सांगितल्याचा गावातल्या सनातन्यांना राग आला. शिक्षणमंत्री द्युरुई पदावरून गेल्यावर पाठीशी कोणी उरले नाही. वर्ग बंद झाले आणि घरमालकिणींनी बायकापोरांसह त्यांना घराबाहेर काढले. तेव्हा आविन्योंत राहणारे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल धावून आले. वनस्पती गोळा करण्याच्या छंदातून दोघांची ओळख झाली होती. मिल यांनी 3000 फ्रँक दिले, लेखी कागदाशिवाय. फाब्र यांनी ते पैसे पुस्तके लिहून फेडले. नोकरी पुन्हा केली नाही. ओरांज गावी राहून मुलांसाठी विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहीत त्यांनी घर चालवले.

1877 मध्ये त्यांचा मुलगा ज्यूल सोळाव्या वर्षी गेला. हा मुलगा बापाबरोबर किडे शोधत हिंडायचा, त्याची नजर तीक्ष्ण होती. फाब्र यांनी नव्याने ओळखलेल्या तीन गांधीलमाश्यांना त्याचे नाव दिले. दोन वर्षांनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, साठवलेल्या पैशांतून त्यांनी सेरीन्यां गावात एक पडीक, खडकाळ, काटेरी जमीन घेतली. पिकाला निकामी आणि म्हणूनच किड्यांनी भरलेली. तिथल्या बोलीत अशा माळाला हर्मास म्हणतात, तेच त्यांच्या घराचे नाव झाले. त्याच वर्षी त्यांच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड निघाला. पुढे असे दहा खंड झाले.

हर्मासमधल्या पांढऱ्या लिलीवर त्यांनी एका लाल भुंगेऱ्याच्या अळ्या पाहिल्या. अळी कसली, ओल्या हिरवट विष्ठेचा गोळाच चालताना दिसायचा. या अळीचे गुदद्वार पाठीच्या बाजूला उघडते, त्यामुळे विष्ठा खाली न पडता पाठीवर साचते आणि पुढे सरकत डोक्यापर्यंत पांघरूण घालते. किळसवाणा हा प्रकार, पण फाब्र यांनी तिच्या बहिणींशी तिची तुलना केली. शतावरीच्या जातीतल्या भाजीवरची अळी उघडी असते, आणि तिच्या कातडीवर त्यांना पांढरे ठिपके आढळले. ती एका माशीची अंडी होती. त्यांतून निघणारे किडे अळीला आतून पोखरतात. दुसरी एक बहीण फळाच्या आत राहून वाचते. आणि लिलीवरची वाचते ती आपल्या घाणीच्या पांघरुणाखाली. एकाच कुळातल्या तिघींचा संरक्षणाचा मार्ग वेगळा.

पुढच्या संशोधकांनी यात भर घातली. अमेरिकेत 1967 मध्ये थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कॅसिडा या भुंगेऱ्याची अळी विष्ठेची ढाल मुंगीच्या दिशेने वळवते आणि मुंग्या माघार घेतात. आपल्याकडे ओढ्याकाठच्या बेशरमीच्या पानांवर याच गटातल्या अळ्या टाकलेल्या कातींची ढाल घेऊन बसलेल्या दिसतात. मात्र कोणतीही ढाल पूर्ण नसते. लिलीवरच्या अळीच्या त्याच विष्ठेच्या वासाचा माग काढत तिच्यावर जगणाऱ्या खास परजीवी गांधीलमाश्या तिला शोधून काढतात.

फाब्र यांची ओळखण्याची खूणही अशीच वागण्यातली असे. शेणखतात आणि कुजक्या पाल्यात सापडणाऱ्या पांढऱ्या, इंग्रजी सी आकाराच्या अळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. सेटोनिया या फुलभुंगेऱ्याची अळी मात्र सपाट जागेवर ठेवली की उताणी होऊन, पाय आकाशाकडे करून पाठीवर चालते. उसाची मुळे खाणारी हुमणी तसे करत नाही. खताच्या खड्ड्यात अळी दिसताच औषध ओतणाऱ्यांनी आधी तिला फरशीवर ठेवून पाहावे. पाठीवर चालली तर ती कुजवण्याच्या कामातली मदतनीस आहे.

सत्तरी ओलांडल्यावरही त्यांनी स्वतःच्या कातडीवर प्रयोग केले. पाइनवरच्या केसाळ सुरवंटांच्या कातीचा अर्क त्यांनी टीपकागदावर घेऊन हाताच्या आतल्या बाजूला बांधला. तिथे आग झाली, सूज आली, कातडी स्रवू लागली, आणि जखम भरायला काही आठवडे लागले. तरी त्यांनी विष्ठेचा, रक्ताचा, मग निरुपद्रवी मानलेल्या इतर किड्यांच्या मलाचा अर्क तसाच लावून पाहिला. दाह करणारे द्रव्य हा कीटकांच्या उत्सर्जनाचा भाग असतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो आज पुरा टिकत नाही. या सुरवंटांचे बारीक केस कातडीत रुततात आणि त्यांतली प्रथिने दाह घडवतात, हे आता ठाऊक आहे. पण केस वेगळे आणि द्रव्य वेगळे, हा प्रश्न त्यांनी प्रयोगाने विचारला होता.

त्यांची दुसरी मर्यादा अधिक मोठी. उपजत बुद्धी पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू घडत गेली, हे त्यांना कधीच पटले नाही. डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार होता, त्यांनी सुचवलेले प्रयोगही फाब्र यांनी केले, पण उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत नाकारला. त्यांची निरीक्षणे मात्र आज उत्क्रांतीचेच दाखले म्हणून शिकवली जातात. पाहिलेले इमानाने लिहून ठेवले की मत चुकले तरी काम उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

1910 मध्ये चाहत्यांनी त्यांचा सत्कार घडवून आणला तेव्हा ते 86 वर्षांचे होते. त्यानंतर जगाचे लक्ष गेले आणि निवृत्तिवेतनाची सोय झाली. 1913 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्यांच्या दारी आले. 11 ऑक्टोबर 1915 रोजी हर्मासमध्येच त्यांचे निधन झाले. ते घर आता संग्रहालय आहे.

आता पुन्हा पिडेरसकडे. पावसाळ्यात आणि नंतर काही आठवडे रात्री खिडकीला बारीक जाळी लावा, झोपण्यापूर्वी अंथरूण झटका, अंथरुणावरचा दिवा बंद ठेवा. अंगावर असा किडा बसला तर चापट मारू नका, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन बाजूला करा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. रेघ उमटली तर चुना, राख, टूथपेस्ट काही लावू नका. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत त्वचा बरी होते, डाग काही दिवस राहतो. डोळा सुजला, फोड पसरले किंवा ताप आला तर रुग्णालयात या. आणि डॉक्टरांनी पाहताक्षणी नागीण म्हटले, तर खोलीत आणखी कोणाला असे झाले आहे का, तेही सांगा. मला माझ्या पहिल्या रुग्णाला हा प्रश्न विचारायचे सुचले नव्हते.